डिझेलमध्ये नॅनोकण मिसळण्याआधी : गडकरी साहेबांना खुले पत्र

मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

स. न. वि. वि.

पर्यायी इंधनाचा विषय निघाला की आपलं नाव निघतंच, म्हणून हे पत्र आपल्याला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य ठेवलंय. त्याच्या मागोमाग एक नवी टूम येऊ घातलीय. तिच्यावर आत्ताच लक्ष ठेवलेलं बरं.

आमच्या अभियांत्रिकी कॉलेजांत बायोडिझेलमध्ये धातूचे नॅनोकण, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात) मोजायचे अतिसूक्ष्म कण, मिसळण्याचे प्रयोग धडाक्यात चालतात. बहुतेक ठिकाणी मांडणी तीच : एका सिलिंडरचं १५०० आरपीएमचं इंजिन, डिझेलमध्ये २० टक्के करंजाचं बायोडिझेल आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास सेरियम किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड. निष्कर्षही बहुधा तोच : धूर कमी, कार्बन मोनॉक्साइड कमी, अॅव्हरेज थोडं जास्त. यात खोटं काही नाही. सेरियम ऑक्साइड स्वतःतला ऑक्सिजन सोडतं आणि पुन्हा घेतं, त्यामुळे काजळी कमी तापमानाला जळून जाते.

पण काजळी जळते, सेरियम जळत नाही. ते राख होऊन मागे राहतं, नाहीतर सायलेन्सरमधून बाहेर पडतं. हिशेब सोपा आहे. लिटरला ४ किलोमीटर देणारी एसटी दिवसाला २०० किलोमीटर धावली, तर ५० लिटर डिझेलबरोबर अडीच ग्रॅम धातूची भुकटी इंजिनात जाते. अशा १० हजार गाड्या धरा, रोजचे २५ किलो झाले. आणि फलाटावर उभे असतात प्रवासी.

आपली पीयूसी हे पकडणार नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात आणि नॅनोकण नेमका तोच कमी करतात. म्हणजे गाडी आणखी झोकात पास! नव्या गाड्यांच्या बीएस-६ या प्रदूषण मानकात कणांची संख्या मोजतात खरी, पण २३ नॅनोमीटरपेक्षा मोठ्या कणांची, आणि तीही रस्त्यावरच्या जुन्या ट्रकची नव्हे.

सेरियम वापरूच नये, असं मी म्हणत नाही. प्यूजोने २००० साली ६०७ गाडीत सेरियमचं अॅडिटिव्ह आणलं, पण सोबत धुराच्या नळीत फिल्टर बसवून. राख त्यात अडकते. आपल्याकडे मोह होईल तो बीएस-३, बीएस-४ च्या गाड्यांना, आणि त्यांतल्या बहुतेकांना असा फिल्टरच नाही. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने सेरियममिश्रित डिझेलच्या आरोग्यधोक्याचा विचार २००१ मध्येच केला होता. शिसंही इंजिनाला छान मानवलं होतं. ते पेट्रोलमधून देशभर हद्दपार व्हायला २००० साल उजाडलं.

आता आमच्याच घरचं सांगतो. अल्ट्रासोनिक यंत्रात घुसळून काढलेलं मिश्रण दुधाळ, एकजीव दिसतं. तीच बाटली कपाटात ठेवून द्या, तळाशी फिकट पिवळा थर बसतो. रीडिंग मात्र ताज्या मिश्रणावर घेतलेलं असतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत डिझेल दिवसच्या दिवस पडून असतं, तिथे कोण घुसळणार? तळाचा तो गाळ १६०० बारच्या दाबाने इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरमधून गेला तर काय होईल, हे कुठल्याही पंप-नोझलवाल्या मिस्त्रीला विचारा.

म्हणून विनंती अशी, की धातूयुक्त अॅडिटिव्हला फक्त फिल्टर असलेल्या गाड्यांत परवानगी असावी, आणि तीही पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत धुरातला धातू आणि २३ नॅनोमीटरखालचे कण मोजल्यावर. शिवाय दुकानात ‘अॅव्हरेज वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर आत कोणता धातू आहे आणि किती, हे छापणं सक्तीचं करावं. गाड्यांचे नियम आपल्या खात्याचे, इंधनाचा कारभार पेट्रोलियम खात्याकडचा; दोन्ही खात्यांनी एकत्र बसून हे ठरवावं. लक्ष्य २०३० चं आहे, तेव्हा ही बैठक या वर्षी व्हावी.

आपला,
यंत्र अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक