यशस्वी चेहऱ्यांच्या जाहिराती आणि पालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे आणि ‘नीट’, ‘जेईई’चे निकाल लागले की सांगलीच्या चौकाचौकांत आणि आपल्या अंकाच्या पहिल्या पानावरही खासगी क्लासच्या जाहिराती झळकू लागतात. त्या विद्यार्थ्यांसाठी असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात त्यांचा सारा रोख फी भरणाऱ्या पालकांवर असतो.

विश्रामबाग परिसरातील फलकांवर पर्सेंटाइल आणि देशपातळीवरील क्रमांक ठळक असतात, कारण तेथील नोकरदार पालक आकड्यांची तुलना करतो. तासगाव-कवठेमहांकाळच्या रस्त्याला लागले की फेटा बांधलेले वडील, डोक्यावर पदर घेतलेली आई आणि त्यांच्या मधोमध पांढऱ्या कोटातला मुलगा दिसतो. क्लासमध्ये काय आणि कसे शिकवतात याविषयी तेथे अवाक्षर नसते, केवळ ‘कष्टाचे चीज झाले’ एवढे शब्द असतात. एका अवकाळी पावसात वर्षभराची द्राक्षबाग हातची जाताना पाहिलेल्या घराला ते चित्र किती आतपर्यंत भिडत असेल! ‘हा मुलगा आमच्यामुळे डॉक्टर झाला’ असे वाक्य फलकावर कोठेही छापलेले नसते. पाहणाराच ते मनात पूर्ण करतो आणि त्यापाठोपाठ, या आईबापांनी केले ते आपण केले नाही तर आपण मुलाला कमी पडलो, हेही स्वतःलाच ऐकवतो. जाहिरातीचे खरे बळ या न छापलेल्या वाक्यांत आहे, आणि न छापलेले खोटे ठरवणे कठीण असते.

म्हणूनच जाहिरातीत काय वगळले आहे, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पंचवीस चेहरे दिसतात, पण किती मुलांमधून ते निवडले हे कळत नाही. त्या मुलाने दोन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम केला होता की शेवटच्या महिन्यात फक्त सराव परीक्षा दिल्या होत्या, हेही कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याच्या छायाचित्रासोबत त्याचा क्रमांक, त्याने घेतलेला अभ्यासक्रम आणि तो सशुल्क होता का, ही माहिती देणे बंधनकारक आहे. छायाचित्र वापरण्याची लेखी संमतीही निवड झाल्यानंतरच घ्यायची आहे. ‘थोड्याच जागा शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करण्यासही मनाई आहे. त्याआधीच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे खुलाशाची भाषा दाव्याचीच असली पाहिजे. मोठा दावा मराठीत आणि तळाची बारीक ओळ इंग्रजीत, हा प्रकार मात्र आजही सर्रास दिसतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून जाहिरात छापणाऱ्या प्रकाशकाला कायद्याने बरेच संरक्षण दिले आहे, त्यामुळे येथे प्रश्न आपल्या स्वेच्छेचा आहे. गावाकडचा वाचक बातमी आणि जाहिरात एकाच विश्वासाने वाचतो. त्या विश्वासाची जबाबदारी आपण घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक छायाचित्राखाली अभ्यासक्रमाचे नाव व कालावधी मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत दिल्याशिवाय क्लासची जाहिरात स्वीकारणार नाही, असा नियम आपण येत्या प्रवेश हंगामापूर्वी जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
एक पालक, सांगली