तापमापीतील रेषा आधी खाली का उतरते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत ‘उष्णतेने पारा वर चढतो’ एवढेच वाक्य मुले पाठ करतात, याची मला खंत वाटते. परवा वर्गात तापमापी कढत पाण्यात बुडवली, तेव्हा रेषा आधी किंचित खाली उतरली आणि मगच चढू लागली. पुढच्या बाकावरच्या मुलीने तत्काळ ‘का?’ विचारले. काच आधी तापते, तापमापीच्या तळाचा काचेचा फुगा जरासा मोठा होतो आणि आतील द्रव क्षणभर खाली सरकतो. नंतर तो स्वतः तापून काचेपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतो. पाऱ्याचे आकारमान एका अंशाला दहा हजारांत जेमतेम २ भागांनी वाढते, परंतु फुग्यातील साऱ्या द्रवाची ती वाढ केसासारख्या नळीत शिरते, म्हणून ती डोळ्यांना दिसते. अल्कोहोल पाऱ्याच्या सुमारे सहापट प्रसरण पावते, मात्र ७८ अंशांना उकळते.

पारा विषारी असल्याने शाळांनी लाल अल्कोहोलच्या तापमाप्या घ्याव्यात आणि त्या कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव