पीक किती पाणी प्यालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आवर्तन कमी झालं, धरणातलं पाणी शहराकडे वळवलं, अशा बातम्या आपल्या अंकात दर उन्हाळ्यात येतात. आकडा एकच असतो, धरणातून इतके टीएमसी. मी एकतीस वर्षं कालव्यावर मोजणीदार होतो. सध्या मुलीकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्सला आलोय. इथे हाच हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडतात, म्हणून हे पत्र.

मुलीच्या घरापलीकडे ऐंशीच्या घरातला एक शेतकरी राहतो. मका आणि लसूणघास करतो. इथले पाट शेतकऱ्यांच्याच कंपन्यांचे, ज्याचे जितके शेअर तितकं त्याचं पाणी. म्हाताऱ्यानं शेअर विकायला काढलेत, घेणारं जवळचं शहर. मला वाटलं, सही झाली की पाणी गेलं. तसं नाही. शेतीचं पाणी नळाला न्यायचं तर पाणी-न्यायालयात जावं लागतं. १९६९च्या कायद्यानं राज्यात अशी सात न्यायालयं केलीत. तिथे पाटातून किती घेतलंस एवढ्यावर भागत नाही, पीक किती प्यालं ते दाखवावं लागतं.

समजा, पाटाच्या तोंडाशी शंभर घागरी घेतल्या. काही पाटात मुरल्या, काही शेताच्या बांधावरून ओघळल्या, काही मुळांखाली गेल्या. पिकानं पिऊन पानांतून हवेत उडवल्या त्या साधारण पन्नास. शहराला मिळणार त्या पन्नासच. उरलेलं पाणी जमिनीतून, ओढ्यातून पुन्हा नदीला लागतं आणि खालच्या शेतकऱ्याचा हक्क त्यावरच उभा असतो. ते पूर्वी ज्या महिन्यात नदीला पोचायचं, त्याच महिन्यात पोचवण्याची जबाबदारी आता शहराची.

पन्नास हा आकडा आणतात कुठून? म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात एक इंजिनिअर बाई कागद पसरून बसल्या होत्या. विमानातून काढलेले जुने फोटो, त्यावर लाल पेन्सिलीनं आखलेलं शेत. पाटकऱ्याच्या रोजच्या नोंदी. कुठल्या साली मका, कुठल्या साली घास, हे म्हाताऱ्याच्या डायऱ्यांतून. मग सूत्र. १९५०च्या सुमारास ब्लेनी आणि क्रिडल या दोघांनी रूढ केलेलं ते सूत्र मला बाईंनी पाठीमागच्या कोऱ्या कागदावर करून दाखवलं. जुलैचं सरासरी तापमान ७२ फॅरनहाइट, वर्षाच्या एकूण दिवस-उजेडातला जुलैचा वाटा १०.३ टक्के. गुणाकार करून शंभरानं भागा, ७.४ इंच. त्याला पिकाचा गुणक लावा, कामी आलेला पाऊस वजा करा. असं महिन्यामागून महिना, ओली-कोरडी सगळी वर्षं धरून. पाट अर्धाच भरला त्या वर्षी पीक तहानलेलं राहिलं, म्हणून त्या वर्षाचा आकडाही कमी.

सूत्रावरही भांडणं झालीत. अर्कान्सा नदीच्या पाण्यावरून शेजारच्या कॅन्ससनं १९८५ मध्ये कोलोरॅडोला थेट सर्वोच्च न्यायालयात खेचलं. त्यात पिकाचा वापर कुठल्या सूत्रानं काढायचा हाही वाद होता. पुढे कोलोरॅडोतल्याच रॉकी फोर्डला दहा बाय दहा फुटांचा, आठ फूट खोल मातीचा अख्खा ठोकळाच काट्यावर ठेवला. वरचं पीक किती प्यालं ते वजनावरून कळतं.

हिशेब चोख ठेवला म्हणून गावं वाचतात, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच खोऱ्यातल्या क्राउली काउंटीनं पाणी शहरांना विकलं आणि हिरवी शेतं धुळीला मिळाली. पण निदान काय गेलं ते लिहिलेलं आहे.

आपल्याकडे २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात पाण्याचा कोटा हंगामापुरता दुसऱ्याला देण्याची तरतूद आहे. उद्या तसे व्यवहार होतील. आजही पाणी शहराकडे, कारखान्यांकडे वळतंच. तेव्हा कालव्याच्या पाझरावर जगणाऱ्या विहिरी आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला नाल्यातून मिळणारं पाणी कुणी वजा धरतं का? आणि धरायचं ठरवलं तरी कुठल्या कागदांवरून?

इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. म्हाताऱ्याची डायरी बघताना माझे कान गरम झाले. आमच्या चारीवर पार्शल फ्लूम, म्हणजे वाहतं पाणी मोजायचा अरुंद घशाचा पन्हाळ, होता. ज्याच्या नावाचा तो, तो पार्शल याच फोर्ट कॉलिन्सचा, इथल्या शेतकी कॉलेजात त्यानं तो १९२०च्या दशकात घडवला. आमच्या फ्लूमच्या घशात गाळ आणि साड्यांच्या चिंध्या. पट्टी न वाचताच मी कालचा आकडा आज उतरवायचो. त्याहून वाईट म्हणजे डोळ्यांसमोर ऊस उभा असताना वहीत ‘गहू’ लिहायचो. उसाची पाणीपट्टी जास्त. शेतकरी ओळखीचा, कधी कांद्याची गोण घरी यायची. नमुना सातचा, म्हणजे पाणी मागणीचा, अर्ज नसलेली कित्येक शेतं तर माझ्या वहीत कोरडीच आहेत. उद्या त्या वह्यांवरून कुणी सूत्र लावलं तर उत्तर दशांशापर्यंत निघेल आणि साफ खोटं असेल. त्यात नुकसान त्याच शेतकऱ्याचं, ज्याचे चार पैसे मी वाचवले.

म्हणून मागणी साधी आहे. पाणी वळवण्याच्या प्रत्येक प्रस्तावात सोडलेलं, पिकानं प्यालेलं आणि परत आलेलं असे तीन आकडे वेगवेगळे छापा. चारीवरची रोजची नोंद पाणीवापर संस्थेसमोर फळ्यावर लावा. ई-पीक पाहणीत ऊस असेल तर ऊसच लिहा, शेतकऱ्यांनीही.

माझ्या तीन जुन्या वह्या गावी पेटीत आहेत. खोट्या नोंदीपुढे मी पेन्सिलीनं बारीक टिंब देत असे, पुढच्या पाळीला माझाच घोळ होऊ नये म्हणून. अभ्यासासाठी कुणाला हव्या असतील तर दिवाळीला परतल्यावर देईन. टिंबं अजून दिसतात.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार
(सध्या मुक्काम फोर्ट कॉलिन्स)