सेंट्सना तारा नको होता, दुसरी फळी हवी होती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडच्या क्लब रग्बीवर आपल्या क्रीडापानावर आलेला मजकूर वाचला. नॉर्दॅम्प्टन सेंट्सचा २०२४-२५चा मोसम फसला आणि त्याचं मूळ क्लबने केलेल्या खेळाडूंच्या भरतीत आहे, असा त्याचा सूर होता. मी सेंट्सचा चाहता आहे, तेव्हा माझं म्हणणं तेवढी सूट देऊन वाचावं. भरती चुकली हे मलाही मान्य आहे, पण ती कुठे चुकली याबद्दल चाहते आणि आपला मजकूर, दोघेही भलतीकडेच बोट दाखवत आहेत.

ज्यांना हा क्लब परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जून २०२४मध्ये ट्विकनहॅमवर बाथला २५-२१ असं हरवून सेंट्सनी प्रीमियरशिप, म्हणजे इंग्लंडची अव्वल रग्बी लीग, जिंकली, दहा वर्षांनी. त्यानंतरच्या मोसमात हाच संघ दहांपैकी आठवा आला. पहिले चार प्लेऑफमध्ये जातात, सेंट्स त्यांच्या आसपासही नव्हते. आणि त्याच मोसमात त्यांनी प्रिटोरियात जाऊन बुल्सना हरवलं, डब्लिनमध्ये लेन्स्टरला ३७-३४ असं नमवलं आणि चॅम्पियन्स कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली. त्यामुळे चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं, मालकांनी हात आखडता घेतला, एखादा मोठा परदेशी खेळाडू आणायला हवा होता. दुसरा तट म्हणतो, युरोपची फायनल खेळलेल्या संघाला नापास कोण ठरवतंय? लीगचा तक्ता विसरा.

तक्ता विसरता येत नाही. अठरा सामन्यांनंतरचा आठवा क्रमांक हा अपघात नसतो.

आता २०२४च्या उन्हाळ्यात कोण गेलं ते पाहू. कोर्टनी लॉज सतरा वर्षांनी फ्रान्सला, ब्रीव्हकडे गेला. कर्णधार लुइस लडलम तुलाँला गेला, लॉक (उंच फॉरवर्ड) अ‍ॅलेक्स मून बायोनला. प्रॉप (सर्वांत पुढे रेटा देणारा) अ‍ॅलेक्स वॉलरने दीड दशकानंतर निवृत्ती घेतली. चौघेही फॉरवर्ड, म्हणजे पुढे भिडणारे धिप्पाड गडी. स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघांची रेटारेटी) ढकलणारे, लाइनआउटमध्ये (बाजूरेषेवरून आत फेकलेल्या चेंडूसाठी) उडी घेणारे, पडलेल्या चेंडूवर आधी पोचणारे. टीव्हीवर ट्राय (गोलरेषेपार चेंडू टेकवून मिळवलेले गुण) करताना दिसतात ते टॉमी फ्रीमन आणि फिन स्मिथ, म्हणून चाहत्यांना वाटलं की संघ शाबूत आहे. बॅक्स, म्हणजे मागे राहून चेंडू घेऊन धावणारे, शाबूत होते, हे खरंच. पण त्यांच्या हाती चेंडू येण्याआधी जे काम व्हायला लागतं ते करणारी चार माणसं एका झटक्यात गेली. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी मेलबर्न रेबेल्समधून आलेला जॉश केमेनी मला आवडला. पण तो एक होता.

मालकांच्या कंजूषपणाचा मुद्दाही तपासून घ्यायला हवा. रग्बीत आयपीएलसारखा लिलाव नसतो. खेळाडू करार संपला की जातात, आणि प्रीमियरशिपमध्ये २०२४-२५ला क्लबच्या एकूण पगारावर ६४ लाख पौंडांची मर्यादा होती. फ्रान्समधली मर्यादा एक कोटी युरोंच्या वर जाते. सेंट्सचा २०२४चा संघ मुख्यतः अकादमीतून आलेला होता. फ्रीमन, मिचेल, फरबँक, डिंगवॉल, कोल्स ही सगळी तिथलीच मुलं. फिन स्मिथही बाजारातून मोठ्या बोलीने आला नाही. २०२२मध्ये वूस्टर क्लब बुडाला तेव्हा तो सेंट्सना मिळाला. अशी मुलं एकदम विजेती झाली, इंग्लंडकडून खेळू लागली, की पुढच्या करारात त्यांचे पगार वाढणारच. म्हणजे नवा एकही खेळाडू न घेता संघ महाग होतो आणि मर्यादा तर ओलांडता येत नाही. मग कोणाला तरी सोडावं लागतं, आणि सोडले जातात ते तिशीच्या आसपासचे फॉरवर्ड, ज्यांना फ्रान्समध्ये गिऱ्हाईक आहे. (शिवाय फ्रान्सला गेलेल्याला इंग्लंडचा राष्ट्रीय संघ सहसा निवडत नाही, तरीही ते जातात. यावरून आकड्यांतलं अंतर लक्षात यावं.) तेव्हा कोण गेलं याबद्दल मी क्लबला फारसा दोष देत नाही. ते जाणार हे आधी ठाऊक असताना त्यांच्या मागे कोणी उभं करून ठेवलं नाही, हा दोष मात्र क्लबचाच.

‘इंग्लंडने आमचे खेळाडू पळवले म्हणून आम्ही हरलो’ असं एक कारण चाहते सर्रास पुढे करतात आणि आपल्या मजकुरातही ते आलं आहे. ते अर्धंच खरं आहे. लीग दहा संघांची झाल्यापासून सिक्स नेशन्सच्या (युरोपातल्या सहा राष्ट्रीय संघांच्या वार्षिक स्पर्धेच्या) काळात प्रीमियरशिपचे सामने होत नाहीत. २०२५मध्ये जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लीग थांबलेलीच होती. शरद ऋतूतल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या वेळीही तसंच. खेळाडू गैरहजर असतात म्हणून नव्हे, तर दमून परत येतात म्हणून फटका बसतो. सिक्स नेशन्सच्या प्रत्येक सामन्यात ट्राय करणाऱ्या फ्रीमनकडून पुढच्याच शनिवारी तेवढ्याच जोमाची अपेक्षा धरणं चूक आहे. शिवाय दुखापती. नवा कर्णधार जॉर्ज फरबँक डिसेंबरमध्येच हात मोडून बाहेर गेला आणि थेट मे महिन्यात परतला. मोसमाच्या सुरुवातीला मिचेलची मान दुखावलेली होती. अशा वेळी लागते ती दुसरी फळी, म्हणजे पहिल्या पंधरांच्या मागे तयार असलेले राखीव खेळाडू. दुसऱ्या फळीतले फॉरवर्ड पहिल्या फळीत गेलेले, मग दुसऱ्या फळीत उरलं कोण?

मग युरोपात कसं जमलं, असं कोणीही विचारेल. तिथे सामने थोडे असतात, मध्ये उसंत मिळते, त्यामुळे पहिले पंधरा जण ताजे उतरवता येतात. क्लेरमाँ आणि कास्त्र या दोन फ्रेंच क्लबांविरुद्धचे बाद फेरीचे सामने घरच्या फ्रँकलिन्स गार्डन्सवर झाले. लेन्स्टरविरुद्धचा विजय मात्र कोणाच्याही मेहेरबानीचा नव्हता. फ्रीमनच्या पहिल्याच सत्रातल्या तीन ट्राय आणि वीस वर्षांच्या हेन्री पोलॉकने घातलेला धुमाकूळ पाहून मीही हा मोसम वाया गेला असं म्हणायचं सोडून दिलं होतं. पण अंतिम सामना आठवा. कार्डिफमध्ये फ्रान्सच्या बोर्डो-बेगलविरुद्ध मध्यंतराला २०-२०. फरबँक पहिल्या काही मिनिटांतच डोक्याला मार लागून बाहेर. आणि दुसऱ्या चाळीस मिनिटांत सेंट्सचा गुण एकही नाही. सामना गेला २८-२०. मोसमभर लीगमध्ये जे दिसत होतं तेच तिथे सर्वांत मोठ्या मंचावर दिसलं. पंचेचाळीसाव्या मिनिटानंतर बोर्डोच्या राखीव बाकावरून ताजे धिप्पाड गडी उतरत होते आणि आपल्याकडे तेवढा भार नव्हता.

‘मोठं नाव आणा’ म्हणणारे बाथचा दाखला देतात. २०२२मध्ये तळाला असलेला क्लब स्कॉटलंडचा फ्लाय-हाफ (खेळाची सूत्रं हलवणारा) फिन रसेल आल्यावर २०२५मध्ये विजेता झाला, असा त्यांचा हिशेब. जरा बारकाईने पाहिलं तर हा हिशेब जुळत नाही. रसेल मोसमाचा चेहरा होता, वाद नाही. पण बाथचा प्रशिक्षक योहान व्हॅन ग्रानने त्याच्याभोवती काय उभारलं? दक्षिण आफ्रिकेचा प्रॉप थॉमस ड्यू टॉइट, लेस्टरहून लॉक रॉस मोलोनी, न्यूकॅसलहून गाय पेपर. बाथचा पहिला प्रॉप बाहेर गेला तरी स्क्रम मागे सरकत नव्हता. सेंट्सकडे फ्लाय-हाफला इंग्लंडचा फिन स्मिथ आहेच. तिथे आणखी एक रसेल आणून बसवायचा तो कुठे? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत झाली असती आणि पगारमर्यादेतला सगळा पैसा त्यात गेला असता.

२०२५-२६च्या नव्या मोसमासाठीची भरती पाहता क्लबच्या हे लक्षात आलेलं दिसतं. स्टाद फ्रान्सेचा लॉक जेजे व्हॅन डेर मेश्ट, न्यूकॅसलचा कॅलम चिक, इटलीचा प्रॉप डॅनिलो फिशेट्टी, झिम्बाब्वेचा प्रॉप क्लिओपस कुंडिओना. सगळे फॉरवर्ड. चाहत्यांनी मात्र सर्वांत जास्त टाळ्या दिल्या त्या क्लेरमाँहून आलेल्या अँतोनी बेलोला, कारण तो फ्रान्सचा आणि पाठीमागे खेळणारा. असो. माझी शंका निराळी आहे. ‘नंबर आठ’च्या जागी, म्हणजे स्क्रमच्या मागच्या टोकाला, खेळणारा फॉरवर्ड वार्नो ऑगस्टस अल्स्टरला गेला. पोलॉक त्या जागी खेळू शकतो, पण तो चारशे मीटर धावपटूसारखा धावणारा मुलगा आहे. सत्तराव्या मिनिटाला चिखलात तिघांना अंगावर घेऊन पाच मीटर पुढे जाणं हे ऑगस्टसचं काम होतं, पोलॉकचं नाही. ते चिकला जमलं तर ठीक. नाहीतर प्रशिक्षक फिल डाउसन आणि सॅम व्हेस्टी यांना गेल्या वर्षीच्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा द्यावं लागेल. शिवाय त्यांचे चार खेळाडू, स्मिथ, मिचेल, फ्रीमन आणि पोलॉक, लायन्सच्या (ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्रित संघाच्या) २०२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर जाऊन आलेत. त्यांना विश्रांती द्यावीच लागणार, म्हणजे पहिले काही आठवडे तीच दुसरी फळी मैदानात.

आपल्याला एक विनंती. या मोसमात सेंट्सच्या निकालासोबत शेवटच्या वीस मिनिटांचे गुणही वेगळे छापता आले तर बरं होईल. भरती यशस्वी झाली की नाही हे मला तिथेच आधी दिसेल, तक्त्यात नंतर.

आपला,
क्रीडापानाचा एक नियमित वाचक