बाबा, तुमच्या त्या वाक्याबद्दल

चिबा, जपान

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जपान्यांनी म्हातारी माणसं यंत्रांच्या गळ्यात बांधली." मला ते लागलं. मी इथे म्हाताऱ्या माणसांचंच करते, म्हणून जे बघते ते सविस्तर लिहिते.

आमच्या वृद्धाश्रमात पारो नावाचा रोबोट आहे. सीलचं पिल्लू, पांढऱ्या मऊ केसांचं, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. ताकानोरी शिबाता या संशोधकांनी ते घडवलं. कुरवाळलं की डोळे मिटतं, हाक मारली की मान वळवतं. त्याचा चार्जर बाळाच्या चोखणीसारखा असतो, तोंडातच द्यायचा. स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी संध्याकाळ झाली की घरी जायचं म्हणून दाराशी येऊन रडतात. पारो मांडीवर दिला की शांत होतात. पण नुसता देऊन आपण निघून गेलो, तर थोड्या वेळाने तो खुर्चीत आणि आजी परत दाराशी. शेजारी बसून "याला भूक लागली असेल का हो?" असं विचारलं की मग त्या स्वतःच्या लेकरांचं सांगायला लागतात. आई, तू म्हणशील, मग पारो कशाला? माझ्याशी त्या आपणहून बोलत नाहीत गं. त्याच्या निमित्ताने बोलतात.

आणि इथे सगळे यंत्रांवर भाळलेत असंही समजू नका. माणूस उचलायचं यंत्र आमच्याकडे बहुतेक वेळ कोठीतच असतं. त्याचे पट्टे बांधेपर्यंत आम्ही दोघी मिळून आजोबांना खुर्चीत बसवून मोकळ्या होतो. 2005 साली सात देशांतल्या लोकांना रोबोटबद्दल विचारलं होतं, त्यात जपानी लोक जग समजतं तितके खूश निघाले नाहीत. युरोपात मात्र विरोध उघड आहे. 2012 च्या पाहणीत युरोपीय संघातल्या 60 टक्के लोकांनी सांगितलं की मुलं, म्हातारी आणि अपंग माणसं यांच्या देखभालीत रोबोटला बंदीच हवी. तरी त्याच युरोपातल्या डेन्मार्कमध्ये वृद्धाश्रमांत पारो आहेच.

इथल्या लोकांचा फरक मला दुसरीकडे दिसतो. आमच्याच चिबा प्रांतात इसुमी इथे कोफुकुजी नावाचं जुनं देऊळ आहे. सोनीने आयबो हा यंत्रकुत्रा 1999 मध्ये आणला, 2006 मध्ये बंद केला, 2014 मध्ये दुरुस्तीही थांबवली. पुढच्या वर्षीपासून त्या देवळात बंद पडलेल्या आयबोंसाठी मंत्र म्हणू लागले. ओळीने मांडलेले कुत्रे, प्रत्येकाला चिठ्ठी, कोणाच्या घरचा, कोणत्या गावचा. विधी झाला की त्यांचे भाग काढून दुसऱ्या आयबोंना बसवतात. अमेरिकन माणसाला हे विचित्र वाटेल, पण बाबा, तुम्हाला वाटू नये. खंडेनवमीला उद्यमनगरातल्या शेडमध्ये लेथला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि त्या दिवशी ती चालवायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. लेथमध्ये जीव आहे असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तिच्यावर आपलं घर चाललं, म्हणून हात जोडलेत.

आता दादाने आणलेल्या त्या औषधांची आठवण करणाऱ्या यंत्राचं. आईने ते कपाटात ठेवलंय हे मला कळलं. आई, माझी जागा भरायला दिलंय असं तुला वाटलं ना? माझी आणि दादाची जागा त्याला देणार नाही, हे मी मनापासून लिहिते. पण बाबांची रक्तदाबाची गोळी सकाळी राहून जाते, आणि त्या वेळी मी कामावर असते. तेवढं एक काम त्याला करू दे. नकोच वाटलं तर तसं दादाला स्पष्ट सांग, तो रागावणार नाही.

दिवाळीनंतर रजा मिळेलसं दिसतंय. आईच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे तेव्हा मीच नेईन, त्याआधी जिना चढू नकोस. बाबा, तुमच्या बीपीचे आकडे दादाकडून मला पाठवायला सांगा.

तुमची,
सुमी