दौऱ्याला मी नकार कळवलाय

पुणे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी मुद्द्याचं सांगते. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या दौऱ्याला तुम्ही येणार नाही, असं मी नाटकाच्या व्यवस्थापकांना फोन करून कळवलंय. तुमच्या पोस्टमास्तरच्या भूमिकेला त्यांनी बदली नट घेतला आणि त्याच्या तालमीही सुरू झाल्या. तेव्हा आता त्यांना फोन लावू नका. लावलात तर त्या माणसाच्या पोटावर पाय येईल, आणि तसं तुम्ही आयुष्यात कधी वागलेला नाहीत.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता. तुमच्या ‘बघू’वर आईने उभा संसार केलाय. फोनवर सांगावं तर तुम्ही खर्जातला आवाज लावता आणि माझी तिथल्या तिथे आठवीतली मुलगी होते. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, हे त्यांना जेवण झाल्यावर दे, आधी नको. आणि बाबा, आईने माझे कान भरले असा संशय घेऊ नका. ती बिचारी अजून तुमच्याच बाजूची आहे.

फोंड्याच्या प्रयोगाला मी विंगेत उभी होते. दुसऱ्या अंकाअखेरचा ब्लॅकआउट झाला आणि तुम्ही आत यायचं सोडून समोर, प्रेक्षकांच्या दिशेने दोन पावलं टाकलीत. जमिनीवर रेडियमच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. मला त्या विंगेतून दिसत होत्या, तुम्हाला पायाखालच्या दिसल्या नाहीत. मुलाचं काम करणाऱ्या त्या पोराने कोपराला धरून ओढलं नसतं तर तुम्ही रंगमंचावरून खाली पडला असता. नंतर मिशी काढता काढता तुम्ही म्हणालात, “अंदाज चुकला.” बाबा, फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात तुम्ही डोळे बांधून फिरू शकता, निदान आजवर तरी फिरत होता.

डॉक्टरांनी फिल्ड टेस्टचा, म्हणजे कडेची नजर तपासल्याचा कागद समोर धरला तेव्हा तुम्ही घड्याळ बघत होता, म्हणून परत सांगते. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे माणसाला काही गेलंय हे कळतच नाही. उजेडातून एकदम अंधारात गेलं की त्रास जास्त. गेलेली नजर कुठलंही ऑपरेशन परत आणत नाही; राहिलेली टिकवायची, आणि त्यासाठी थेंब रोज ठरल्या वेळी. दौऱ्यात ठरली वेळ कुठली? प्रयोग संपायला साडेबारा, सेट बसवर चढेपर्यंत दीड, मग ढाब्यावरचं जेवण आणि उजाडताना पुढच्या गावचा लॉज. थेंबांची बाटली बॅगेत आणि बॅग सेटच्या खाली. मागच्या दौऱ्यातून परत आलात तेव्हा महिन्याची बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मी बघितली होती, बोलले नव्हते.

आशालताबाई आठवतात ना? आपल्या गोव्याच्या, ‘मत्स्यगंधा’ नाटकातल्या. सप्टेंबर २०२० मध्ये मालिकेच्या शूटिंगला गेलेल्या असताना करोना झाला आणि साताऱ्यातच त्या गेल्या. बातमी लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, “काम करता करता गेली, भाग्यवान.” तुम्ही ते कौतुकाने म्हणालात हे मला कळलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मला तुमच्यासाठी असलं भाग्य नकोय.

आता ‘बदली नट’ या शब्दांनी तुम्हाला लागलं असेल. त्यावर तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते. १९७० साली तुम्ही पणजीहून बोटीने मुंबईला गेलात आणि त्याच डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशनचं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं. आपल्या गोंयकारांची संस्था म्हणून तुम्ही ऊर फुगवून सांगायचात. डॉ. लागूंचे बेलवलकर तुम्ही मागे उभं राहून पाहिलेत. पण पुढे दत्ता भटांचेही पाहिलेत, सतीश दुभाषींचेही, आणि घरी येऊन आईला प्रत्येकाची चाल करून दाखवलीत. एकाने भूमिका सोडली म्हणून तो लहान झाला, दुसऱ्याने घेतली म्हणून नाटक बुडालं, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मग हा नियम फक्त बेलवलकरांना, आणि तुमच्या पोस्टमास्तरला वेगळा का?

नायक तुम्ही कधीच नव्हता, हे मी लहानपणी मैत्रिणींपासून लपवायचे. आता सगळ्यांना हौसेने सांगते. म्हार्दोळच्या देवळापुढे ‘एकच प्याला’ झालं तेव्हा सुधाकर सावकाराच्या मुलाने केला आणि लोक तुमच्या तळीरामासाठी रात्री तीनपर्यंत बसले. पुढची सगळी वर्षं दिवसा बँकेचं काउंटर आणि संध्याकाळी नाटक. बढती घेतली तर बदली होणार म्हणून बढतीच घेतली नाहीत. सिनेमात हवालदार, तलाठी, मुनीम, नायिकेचा घाबरट मामा, आणि तो ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन चष्मा काढणारा डॉक्टर. त्या डॉक्टरला तर दर वेळी एकच वाक्य असायचं. तरी आदल्या रात्री तुम्ही ते पाठ करत फेऱ्या मारायचात आणि आई म्हणायची, अहो, माझंसुद्धा पाठ झालं, झोपा आता.

शिवाजी मंदिरच्या मेकअप रूममध्ये मी कपड्यांच्या ट्रंकेवर झोपायचे ते आठवतं? मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास आला की मला अजून डोळ्यांवर पेंग येते. तिसरी घंटा झाली की तुम्ही माझ्या अंगावर तुमची शाल टाकून जायचात. प्रयोग संपल्यावर खांद्यावर घेऊन दादर स्टेशनपर्यंत. मी जागीच असायचे, बाबा. चालावं लागू नये म्हणून डोळे मिटून घ्यायचे. आणि एकदा तुमची मिशी मी बाहुलीला चिकटवली होती. तुम्ही ओरडला नाहीत, तशीच बाहुलीसकट रंगभूषाकारांकडे घेऊन गेलात आणि “हिला सोडवा” म्हणालात.

लोकांना तुमचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो माणूस किती वेळ बघत उभा होता आणि शेवटी विचारतो काय, “तुम्ही एलआयसीत होता का?” तुम्ही “हो” म्हणून मोकळे झालात! घरी येऊन हसलात, पण मला वाटतं थोडं लागलंही होतं. म्हणूनच म्हणते, दौरे थांबवले, काम थांबवलं नाही. याची गल्लत करू नका.

मालिकेचे दोन-तीन दिवस असतील तर खुशाल घ्या. तिथे ब्लॅकआउट नसतो, सेटवर दिवसभर उजेड असतो. मडगावहून मुंबईच्या वंदे भारतमध्ये बसायचं, तिकडे स्टेशनवर मी घ्यायला येईन. रात्रीची शिफ्ट मात्र नाही, हे त्यांना आधी सांगायचं. २०२१ मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झाली आणि मालिका गोव्यात उतरल्या, तेव्हा आईच्या हातचा डबा घेऊन सेटवर जाताना तुमचा थाट बघण्यासारखा होता. महिन्याभरात गोव्यानेही बंद केलं ते जाऊ दे. तसं जवळचं काम आलं की मला न विचारता घ्या. (कळवा मात्र.) आणि पैसे नव्वद दिवसांनी येतात म्हणून प्रॉडक्शनला रोज फोन करू नका, ते मी बघेन.

शिवाय वाड्यावरच्या पोरांना कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरायचंय. त्यांना दिग्दर्शक हवाय आणि तुम्हाला विचारायला ते घाबरतात. संवाद कसा फेकायचा हे त्यांना मोबाइलवर शिकता येईल. पण दुसरा बोलत असताना रंगमंचावर नुसतं उभं कसं राहायचं, हे तुमच्याइतकं कुणाला येतं? तालीम संध्याकाळी, देवळाच्या सभागृहात. तिथल्या ट्यूबलाइट मी बदलून घेतल्यात.

घराचंही थोडं केलंय. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत लोखंडी कठडा बसेल, सुताराच्या शेजारचा फॅब्रिकेटर सोमवारी माप घ्यायला येतोय. त्याच्याशी घासाघीस करू नका, पैसे दिलेत. खळ्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा रंगवायचा. वाईट दिसेल हे मान्य, पण दिसेल हे महत्त्वाचं. खोलीपासून न्हाणीपर्यंत रात्रभर छोटा दिवा राहील, वीज गेली तरी, कारण इन्व्हर्टरची बॅटरी नवीन टाकलीय.

आता थेंब. रात्री नऊला, जेवणानंतर, आई घालेल. एक औषध घातल्यावर पाच मिनिटं थांबून दुसरं. थेंब पडला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. लगेच उठून बातम्या लावायच्या नाहीत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत एकट्याने स्कूटरवर जायचं नाही. स्कूटरची चावी आईकडे द्या. रागावू नका ना, बाबा. म्हार्दोळच्या तिठ्यावर बाजूने येणारी गाडी तुम्हाला दिसणार नाही, एवढंच.

आई, तुझंही आहे. पाट्यावर वाटण बंद. मिक्सर मी कपाटात ठेवायला दिला नव्हता. बाबा गप्प बसले तर बसू दे, मनधरणी करायला जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी पेज आणि खारातली कैरी समोर आली की बोलतील. देवळातल्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेला मी येतेय. बाबा, तेव्हा काय ते माझ्याशी भांडा, आईशी नको.

तुमची,
बाय

ता. क. बदली नटाचा मला फोन आला होता. पोस्टमास्तर पत्र वाचायच्या आधी चष्मा पुसतो, तो धोतराने पुसतो की उपरण्याने, आणि ‘नाही आलं’ हे पुसताना म्हणतो की पुसून झाल्यावर, असं विचारत होते. मला सांगता येईना. तुमचा नंबर दिलाय, बुधवारी रात्री आठला करतील. सांगायचं तर सगळं सांगा, हातचं राखू नका. पण नऊच्या आत आटपा, थेंबांची वेळ होते.