दुसऱ्या दिवशी तुम्ही केलेल्या त्या फोनबद्दल

आदरणीय मॅडम,

हे आभार फोनवरही मानता आले असते. पण सी या प्रोग्रामिंग भाषेतून प्रत्येक मशीनची वेगळी ओळख कशी काढायची, या प्रश्नाने हैराण झालेले माझ्यासारखे बरेच असतील. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्याआधी अनेकांना विचारलं. "मॅक ॲड्रेस घे की!" तो तर नेटवर्क कार्डाचा क्रमांक; कार्ड बदललं तर काय, असं विचारल्यावर बोलणंच संपलं. अनुभवी म्हणवणाऱ्या एका सल्लागाराने गेटहोस्टआयडी हे सीमधलं तयार फंक्शन सुचवून विषय मिटवला. ते फंक्शन जेमतेम ३२ बिट देतं, तेही बहुधा आयपी पत्त्यावरून. आमच्या प्रत्येक डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर एकच उत्तर आलं: ००७एफ०१०१. मशीनने स्वतःसाठीच ठेवलेला १२७.०.१.१ हाच पत्ता, फक्त बाइट्स मागेपुढे झालेला. हे दाखवलं तर म्हणाले, "तुमचा सेटअपच चुकलाय." त्या बोलण्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "ओळख कशाची हवी? हार्डवेअरची, इन्स्टॉलेशनची, की प्रोग्रामच्या एकेका रनची?" इतका साधा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. इन्स्टॉलेशनची म्हटल्यावर तुम्ही ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधली मशीन-आयडी फाईल वाचायला सांगितलीत: १२८ बिट, ३२ हेक्स अक्षरं. एकाच इमेजवरून, म्हणजे सिस्टमच्या तयार प्रतीवरून, मशीनं तयार होत असतील तर इमेजमध्ये ती फाईल रिकामी ठेवा, नाहीतर सगळ्यांची ओळख एकच होईल, हेही तेव्हाच बजावलंत.

काम झालं होतं. तरी दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "काल एक सांगायचं राहिलं. तो आयडी आहे तसा सर्व्हरला पाठवू नका. तो गोपनीय समजायचा असतो. दोन वेगळ्या प्रोग्रामांनी तोच बाहेर दिला, तर त्यांच्या नोंदी जुळवून माणसाचा माग काढता येतो." मग सिस्टमडीचं, म्हणजे लिनक्सची व्यवस्था पाहणाऱ्या सॉफ्टवेअरचं, ॲप-स्पेसिफिक फंक्शन सांगितलंत. ते मशीन-आयडी आणि प्रोग्रामचा स्वतःचा आयडी मिळून हॅश, म्हणजे उलटा सोडवता न येणारा एक नवा आकडा, काढतं. त्याच मशीनवर त्या प्रोग्रामला दरवेळी तेच उत्तर मिळतं, दुसऱ्या प्रोग्रामला वेगळं, आणि त्यावरून मूळ आयडी काही काढता येत नाही.

मॅडम, माझी अडचण आदल्या दिवशीच सुटली होती. तो फोन माझ्यासाठी नव्हताच. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, तुम्हाला कधीही न भेटणाऱ्या लोकांसाठी तुम्ही तो केलात. हुशार माणसं या क्षेत्रात पुष्कळ भेटतात. पण आपलं उत्तर अपुरं राहिलं की काय, या विचाराने रात्रभर अस्वस्थ होणारी आणि सकाळी कोणी न विचारता ते पुरं करणारी माणसं फार थोडी. सभ्यपणा म्हणतात तो हाच, असं मला वाटतं.

नव्या आवृत्तीत मूळ आयडी मशीनबाहेर जात नाही. आधी जमा झालेले आयडीही सर्व्हरवरून पुसून टाकले आहेत. हे तुम्हाला कळवायचंच होतं.

आपला ऋणी,
एक सी प्रोग्रामर